तळ्यात काळवंडलेली जोडवी

मंगरूळपीरच्या सराफा गल्लीत आमच्या घरासमोर बबलूशेठचं दुकान आहे. मधे रस्ता, कडेला उघडी नाली आणि नालीवर शेठने टाकलेली एक फरशी. त्या फरशीवर त्याने कधीकाळी लाखेने एक रुपया चिकटवून ठेवलाय. सोनाराने लाखेत बसवलेली वस्तू सहजासहजी निघत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की शेठ मान खाली घालून फार काम असल्यासारखा बसतो आणि कोण वाकतं ते तिरप्या डोळ्याने पाहतो. तहसीलमधले बाबू वाकले, दर्ग्याला आलेले पाहुणे वाकले, एकदा तर वरातीतला नवरदेव फेटा सावरत वाकला. माणूस नखाने खरवडायला लागला की आतून शांतपणे आवाज येतो, "राहू द्या साहेब, थो रुपया फक्त मले ओळखते."

साठी ओलांडली तरी माणसाचं बबलूपण गेलं नाही. नथ घेऊन आलेल्या नव्या नवरीकडे तो भिंगातून गंभीरपणे बघतो आणि म्हणतो, "पोरी, मोती असली हाय, पण सासूचा दाब लई पडला दिसते याच्यावर." सासू शेजारीच बसलेली असते. दोघी हसतात, चहा मागवला जातो, आणि नथीसोबत एखादी अंगठीही खपून जाते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं दिसतं, त्यामुळे आमच्या घरात वरण जरा जास्तच वेळा खाली लागतं.

पण एका बाबतीत शेठ थट्टा करत नसे. चांदी. त्याच्या चांदीला तालुक्यात नाव होतं ते पांढरेपणासाठी. जोडव्याच्या चांदीत थोडं तांबं घालावं लागतं, नाहीतर ते बोटात वाकतं. तांब्याची ती किंचित लालसर झाक शेठला खपत नसे. दागिना तापवायचा, तेजाबाच्या पाण्यात, म्हणजे पातळ आम्लात, सोडायचा, ते पाणी वरवरचं तांबं खाऊन टाकतं. मग रिठ्याच्या फेसात ब्रशने घासायचा. बाहेर निघे तेव्हा दुधात बुडवून काढल्यासारखा. "पांढरी चांदी पायजे तर बबलूशेठ," असं शेलूबाजारपासून मानोऱ्यापर्यंत बाया म्हणत, आणि हे वाक्य ऐकताना शेठचा चेहरा असा होई की जणू त्याच्या मुलाचं कौतुक चाललंय. मुलगा पुण्याला कारकुनी करतो, त्याचं कौतुक तो एवढं ऐकून घेत नाही.

आता तळ्याचं सांगते. आमच्या गल्लीतली नाली उतारावरून जाते ती थेट गावामागच्या तळ्यात. ती जिथे मिळते त्या कोपऱ्यात पाणकणसं माजलीत, गाळ काळा कुळकुळीत आहे, आणि पाऊल टाकलं की सडक्या अंड्याचा वास सुटतो. बाकीचं तळं मात्र चांगलं. ते गल्लीतल्या बायांच्या बचत गटाने शिंगाड्यासाठी घेतलं. गटाच्या अध्यक्ष रूपालीताई. त्या स्वतः पाण्यात उतरत नाहीत, बांधावर छत्री धरून उभ्या राहतात आणि कोण बसलं, कोण हसलं यावर लक्ष ठेवतात.

शिंगाड्याचा वेल लावताना बाया कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहतात आणि वेलाचं मूळ पायाच्या बोटांनी गाळात खोल दाबतात. हात तिथवर पोचत नाही, सगळं काम बोटांचं. पहिल्या वर्षी शिंगाडा बरा आला. पाडव्याला सगळ्या जणी ओळीने बबलूशेठकडे गेल्या, जुनी झिजलेली जोडवी मोडीत दिली आणि एकसारखी नवी घातली. रूपालीताईंनी मात्र आपली जोडवी आणि पैंजण वाशीमहून आणले, काचेचं दार आपोआप उघडतं त्या दुकानातून.

यंदा पाऊस पडून तळं भरलं आणि बायांना लोभ सुटला. मागच्या वर्षी वासापायी सोडलेला पाणकणसाचा कोपराही त्यांनी लावायला घेतला. नाकाला पदर बांधून दोन-तीन दिवस तिथे वेल दाबले. आणि मग एका सकाळी आमच्या शेजारच्या तुळसाबाई अंगणात सुनेच्या पायाकडे बघून थबकल्या.

"रत्नमाला, पाय धुतले नाईस का?"

"धुतले ना मामी." ती सासूला मामीच म्हणते.

"मंग हे काय व्हय?"

रत्नमालाच्या पायातली जोडवी काळी पडली होती. मळकट नाही, तव्याच्या बुडासारखी काळी. तिने राखेने घासली, लिंबाने घासली, जाईना. नेमका त्याच वेळी घरातून तिचा नवरा भागवत शिंकला. झालं. सौभाग्याचा दागिना काळा पडला आणि नवरा शिंकला, एवढ्या पुराव्यावर तुळसाबाईंनी पोराला पलंगावर आडवा केला. भागवत हळदीला खत टाकायला निघाला होता. "माय, मले काई नाई झालं," तो म्हणत राहिला, आणि त्याच्या तोंडाला काढ्याचा पेला लागत राहिला.

दुपारपर्यंत कळलं की तळ्यात उतरणाऱ्या सगळ्याच जणींची जोडवी काळी. गल्लीतल्या सगळ्या नवऱ्यांची त्या दिवशी फार बडदास्त झाली. एकाला तर मोटारसायकलला हात लावू दिला नाही. पण संध्याकाळपर्यंत कोणालाच काही झालं नाही, तेव्हा बायांचं डोकं दुसऱ्या दिशेने चाललं. नवरे ठीक आहेत म्हणजे खोट चांदीत आहे. आणि त्या निघाल्या बबलूशेठकडे, पुढे रूपालीताई.

शेठने इथे पहिली चूक केली. त्याला वाटलं नेहमीसारखीच गंमत आहे. बायांच्या पायांकडे पाहून तो म्हणाला, "नवऱ्यायले जरा घासून काढा, जोडवी आपोआप उजळतीन."

कोणी हसलं नाही.

"बबलूशेठ," रूपालीताई म्हणाल्या, "सगळ्याईनं तुमच्याजवळून घेतली, सगळ्याईची काळी पडली. माही वाशीमची हायेत, पाहा." त्यांनी साडी वीतभर वर करून पाऊल पुढे ठेवलं. जोडवी लख्ख.

शेठचं हसू उतरलं. त्याने नव्या मालातलं एक जोडवं घेतलं, कसोटीच्या दगडावर घासलं, तेजाबाचा थेंब टाकून दाखवला. "पाहा. शंभर टक्के कोणीच देत नाई, पण मी जेवढी सांगितली तेवढी चांदी याच्यात हाय."

"दगड तुहा, तेजाब तुहा, डोळा तुहा," तुळसाबाई म्हणाल्या. त्या शेठपेक्षा वयाने मोठ्या, त्याला बबल्या म्हणणाऱ्या गावातल्या शेवटच्या. "तू फरशीवर रुपये चिपकवून लोकायले नाचवतं. तुह्यावर इश्वास ठेवाव तं कसा ठेवाव रे बबल्या?"

"मावशी, थे गंमत हाय. चांदीत मी गंमत नाई करत."

"थे आमाले कसं समजावं?"

शेठने जन्मभर लोकांना हसवलं, आता खरं बोलताना चेहरा कसा करावा तेच त्याला सुचेना. बाया गेल्या. आठवडा गेला नाही तोच गावात बोललं जाऊ लागलं की बबलूशेठ चांदीत शिसं घालतो. शेलूबाजारच्या एका लग्नघराने दिलेलं काम परत नेलं. रस्त्याने जाणाऱ्या बाया दुकानापाशी आल्या की पदर सारखा करून पलीकडून जात. शेठ दुकान उघडून बसे, पण फरशीवर कोणी वाकलं तरी आवाज देत नसे. माझ्या खिडकीतून मला त्याचं टक्कल आणि पुढ्यातला थंड चहा दिसे. सगळ्या आयुष्याचं जे एक नाव होतं तेच जात होतं, आणि ते कसं धरून ठेवावं हे त्याला कळत नव्हतं.

मग रत्नमालाची मुलगी निकिता अमरावतीहून आली. ती तिथे सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. घरात शिरल्या शिरल्या तिने आईचा पाय हातात घेतला आणि चक्क हुंगला. तुळसाबाईंना वाटलं, नात पाया पडून राह्यली. त्यांनी आशीर्वादही दिला.

"आई, तू पाणकणसाच्या कोपऱ्यात गेल्ती का?"

"गेल्तो ना. सगळ्याच गेल्तो."

निकिता हसत सुटली. मग तिला कळलं की या प्रकरणात एका माणसाची झोप उडाली आहे, तेव्हा ती आजीला घेऊन समोरच्या दुकानात गेली. मीही निमित्ताला एक तुटकी साखळी घेऊन गेले. शेजारचे गफ्फारभाई आधीच येऊन बसले होते. त्यांचं अत्तराचं दुकान शेठच्या भिंतीला भिंत लावून आहे, आणि दोघांचा दुपारचा चहा एकच.

"काका," निकिता म्हणाली, "त्या काळ्या गाळात हवा नसते. पण तिथे बॅक्टेरिया राह्यतात, लाखोनं. आपण हवा घेतो, ते गंधकाचे क्षार वापरून जगतात. त्यातून जो वायू निघते त्याचाच तो सडक्या अंड्याचा वास. हा वायू धातूले भेटला की पक्का धरते. चांदी असो, तांबं असो, शिसं असो. त्याचं काळं संयुग होते. आईनं बोटं गाळात दाबली, जोडव्यावर तेच चढलं."

"अंडं जास्त उकडलं का बलकाभोवती काळसर कडं येते, तसं का?" मी विचारलं.

"तसंच काकू. तिथे लोखंड असते, इथे चांदी."

शेठ पुढ्यातलं एक जोडवं उजेडात धरून म्हणाला, "म्हणजे खोटी नाई. नुसती बाटलेली."

"खरी चांदीच अशी काळी पडते काका."

"तू म्हणतं, पण लोकायले कोण सांगन? मी सांगू? माह्यावर तं कुत्रंही इश्वास ठेवत नाई आता."

तुळसाबाई नातीचं सगळं ऐकून घेत होत्या, पण पटलं होतं असं नाही. "डोळ्यानं दिसत नाई अशा किड्यायवर तुमी सगळा आळ घालून राह्यले," त्या म्हणाल्या. "बिचारे बोलू शकत नाई म्हणून."

त्या क्षणी शेठच्या डोळ्यात परत ती तिरपी चमक आली. "मावशी, त्यायलेच बोलतं करतो."

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोची लोणच्याची मोठी काचेची बरणी आणली. निकिताने तळ्याच्या कोपऱ्यातला गाळ पाण्यासकट काठोकाठ भरला. शेठने स्वतःचं एक नवं जोडवं दोऱ्याला बांधलं. मग तो रूपालीताईंच्या दारात गेला. "ताई, तुमची चांदी खरी हाय ना? मंग भेव कायचं? एक जोडवं द्या, बरणीत टाकतो."

रूपालीताई उखडल्या. सवाष्णीने जोडवी काढायची नसतात हे याला कोणी शिकवलं नाही का, असं त्यांनी विचारलं. शेठने हात जोडले आणि म्हणाला, "बरोबर हाय. पैंजण चालन." सगळ्या गल्लीसमोर आता नाही म्हणणं कठीण होतं. पैंजण आला.

"तिसरा साक्षीदार पायजे," शेठ म्हणाला. "जो ना माह्या दुकानाचा, ना वाशीमचा." आणि त्याने गफ्फारभाईंच्या बोटाकडे पाहिलं. तिथे फिरोजा खड्याची चांदीची अंगठी होती, त्यांच्या वडिलांनी अजमेरहून आणलेली.

"बबलूभाई, नको," गफ्फारभाई म्हणाले.

"अजमेरच्या चांदीवर कोणाले शक हाय का?"

"नाई."

"मंग?"

गफ्फारभाईंनी अंगठी काढली, तिचं चुंबन घेतलं आणि डोळे मिटून दिली. तिन्ही दागिने दोऱ्याने आत सोडले, आठवड्याने सगळ्यांसमोर काढायचं ठरलं, आणि बरणीचं तोंड बंद करून शेठने ती दुकानाच्या पुढच्या काचेत, जिथे हार मांडतात तिथे ठेवली.

आता खरा त्रास सुरू झाला तो गफ्फारभाईंना. शेठला कोणी बरणीबद्दल विचारलं की तो खुशीने झाकण किलकिलं करून दाखवी, आणि वास भिंत ओलांडून पलीकडे जाई. तिथे एखादं गिऱ्हाईक मनगटावर लावलेला मोगरा हुंगत असे.

"चाचा, ये मोगरा खराब हो गया क्या?"

"मोगरा नाई बेटा, पडोसी खराब हो गया."

संध्याकाळी ते चहा घ्यायला आले ते नाकाला रुमाल लावूनच. "मी खुशबू विकून राह्यलो, तू बदबू दाखवून राह्यला. एकच दीवार हाय रे आपल्यात. काई लाज वाटू दे."

"तुमची अंगठी आतमंदी हाय गफ्फारभाई. तिचा तं विचार करा, तिले किती वास येत असन."

बरणी उघडायच्या दिवशी गल्ली भरली. पान खाणारे आले, एसटीची वाट बघणारे आले, काढ्यातून सुटलेला भागवत आला. शेठने दोरे ओढले. जोडवं काळं. पैंजण काळा, प्रत्येक घुंगरू वेगळं काळं. अजमेरची अंगठीही काळी, फक्त फिरोजा तेवढा निळा.

थोडा वेळ नुसता वास होता. मग तुळसाबाई म्हणाल्या, "रूपाली, वाशीमच्या काचेचं दार उघडते आपोआप, पण आत किडे जातेत वाटते." गल्ली हसली. रूपालीताईंनीही शेवटी पदरात तोंड लपवून हसून घेतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "शेठ, तुमची चांदी खरी. मी बोलली थे वापस घेतो."

शेठ फुलला. त्याने पेढे मागवले. त्या वासात कोणी खाईना, पण हातात घेतले. आणि पेढा हातात धरूनच रूपालीताईंनी अध्यक्षपणा काढला. "आता थो कोपराच नोको. जेसीबी लावू, गाळ उपसू. भागवत, तुह्या हळदीच्या वावरात टाकून दे."

"टाकतो ना," भागवत म्हणाला. "काळा गाळ म्हणजे सोनं."

"बाबा, नाई," निकिता पटकन म्हणाली. "त्या गाळात गावातून आलेले धातू अडकलेत. बॅक्टेरियानं त्यायले काळं करून धरून ठेवलंय. जोवर हवा लागत नाई तोवर ते बरेचसे तिथेच बसून राह्यतात. उपसला, वाळवला, का धातू पुन्हा मोकळे होऊ शकतात. मंग पाण्यात जातीन, नाई तं आपल्या हळदीत. तो कोपरा हलवू नका. शिंगाड्याचे वेलही तिथले काढून घ्या, मी नमुना कॉलेजात तपासाले नेतो."

"पण गावातून धातू येतेत कुठून?" रूपालीताईंनी विचारलं. "आपल्या गल्लीत काय कारखाना हाय?"

निकिताने नालीकडे पाहिलं नाही, शेठकडेही पाहिलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच सगळ्यांनी पाहिलं. मग तिने हळूच विचारलं, "काका, चांदी उजळल्यावर तेजाबाचं पाणी कुठे टाकता?"

शेठचा पेढा तोंडाशीच राहिला.

"मोरीत," गफ्फारभाईंनी उत्तर दिलं. त्यांना अंगठीचा राग होता. "हिरवंनिळं पाणी. रोज. माह्या पायरीखालून जाते."

त्या हिरव्यानिळ्या रंगात काय होतं हे शेठहून जास्त कोणाला माहीत नव्हतं. वरवरचं खाल्लेलं तांबं. त्याचं सगळं नाव त्या पाण्यातून उजळून निघालं होतं आणि ते पाणी तळ्याच्या कोपऱ्यात, बायांच्या बोटांखाली, साचत होतं. तो हसण्यावारी नेऊ शकला असता. गर्दी त्याच्याच बाजूची होती, नुकताच जिंकला होता. एखादा विनोद टाकला असता तर पेढे खात लोक पांगले असते. सगळे त्या विनोदाची वाटही बघत होते.

"पांढरी चांदी पायजे तर बबलूशेठ," तो स्वतःशीच म्हणाला. मग मोठ्याने, "किती वर्षं झाले, मावशी, मी धंदा करून राह्यलो?"

"तुहं लग्न व्हायच्या आंधीपासून."

"तेवढे वर्षं त्या किड्यायनं माही घाण झाकून ठेवली. अन् मी त्यायच्यावरच आळ घालाले बरणी घेऊन बसलो."

दुसऱ्या सकाळी त्याने स्वतः बसून मोरीचं भोक सिमेंटने बुजवलं. तेजाबाचं पाणी आता पिंपात जातं. निकिताने सांगितल्याप्रमाणे त्यात चुना पडतो, तांबं तळाला बसतं आणि तो गाळ अकोल्याचा झारेकरी घेऊन जातो, सोनाराच्या केरातून धातू काढणारा माणूस. पण पिंप केवढंसं, आणि लग्नसराईची उजळणी केवढी. तेव्हा शेठने ठरवलं की दुधासारखी चांदी काढायचीच नाही. नुसती रिठ्याने घासायची. जोडवं हातात घेतलं की तांब्याची ती जरा लालसर झाक दिसते, जी त्याला आयुष्यभर खपली नाही.

याचा परिणाम व्हायचा तो झाला. लग्नघरची मंडळी येतात, चांदी बघतात, नाक मुरडतात. "शेठ, पह्यलेसारखी पांढरी नाई दिसून राह्यली."

"पांढरी पायजे तं वाशीमले जा," शेठ म्हणतो. "थंडगार हाय, दार आपोआप उघडते. आमच्या अठी चांदी नुसती खरी भेटते."

बरेचसे खरंच वाशीमला जातात. काही बसतात, का बसतात त्यांनाही सांगता येत नाही. आमच्या गल्लीतल्या बाया मात्र त्याच्याकडेच येतात, आणि गंमत म्हणजे तळ्यावरून आलेली ती काळी जोडवी त्यांच्यातल्या बहुतेकींनी उजळून घेतलीच नाहीत. शेठच म्हणाला होता की राहू द्या, घासलं की तेवढी चांदी झिजते. मग कॉलेजातल्या पोरी बघायला लागल्या. त्यांना असली काळपट चांदी फार आवडते म्हणे, बाजारात मुद्दाम तशी बनवून विकतात. परवा त्यातल्या दोघी दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मला विचारत होत्या, "काकू, काळ्या चांदीचे बबलूशेठ हेच का?"

आत शेठने ऐकलं. वर पाहिलं नाही. पण कान लाल झाले होते, आणि गफ्फारभाई भिंतीपलीकडून म्हणाले, "हेच बेटा, हेच. वास आला नाई का?"